घराबाहेर न पडता घराचा नकाशा

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची आपली मुले गावी जातात. रात्री अंगणात वाकळ टाकून झोपतात. अमावस्येच्या आसपासचे दिवस असले आणि गावातली वीज गेलेली असली, तर मध्यरात्र उलटल्यावर आकाशात एक पांढुरका पट्टा आडवा पसरलेला दिसतो. दक्षिणेकडे तो अधिक रुंद, अधिक उजळ असतो. मधे मधे कोळसा फासल्यासारखे काळे डाग असतात. आजीला विचारले की ती सांगते, ‘ही आकाशगंगा.’ शहरात हा पट्टा दिसत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांनी आणि धुराने तो पुसून टाकला आहे.

आकाशगंगा हे नाव पुराणातले. पण तिथे नदी नाही की पाण्याचा थेंब नाही. १६१० साली इटलीतील गॅलिलिओने आपल्या लहानशा दुर्बिणीतून या पट्ट्याकडे पाहिले आणि जाहीर केले, की हे दूध नव्हे, धुके नव्हे. हे असंख्य तारे आहेत. इतके दाट आणि इतके दूर की डोळ्याला ते वेगवेगळे दिसत नाहीत. आपला सूर्य हा याच ताऱ्यांपैकी एक. म्हणजे तो पट्टा ही कुठली तरी लांबची वस्तू नाही. ती आपल्याच घराची आतून दिसणारी भिंत आहे.

आता प्रश्न असा, की या घराचा आकार कसा आहे? पुस्तकांतून भिंगरीसारखे सुंदर चित्र छापलेले असते आणि एका ठिकाणी बाण काढून ‘सूर्य येथे आहे’ असे लिहिलेले असते. ते छायाचित्र नव्हे, चित्रकाराने काढलेले चित्र आहे. कारण आकाशगंगेच्या बाहेर जाऊन फोटो काढणे माणसाला शक्यच झालेले नाही. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान आजवर सर्वांत दूर गेले. जवळजवळ पन्नास वर्षे धावून त्याने जे अंतर कापले, ते प्रकाश साधारण एका दिवसात कापतो. आणि आकाशगंगेची रुंदी आहे सुमारे एक लाख प्रकाशवर्षे! एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

घराबाहेर पाऊल न टाकता घराचा नकाशा माणसाने कसा काढला, याची ही हकिकत आहे. रोजच्या भाकरीशी तिचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या लेकीबाळींच्या लग्नापर्यंत पोहोचतो.

गर्दीतला माणूस

६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाऊन आलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असेल. शिवाजी पार्कच्या गर्दीत आपण उभे असतो. पुढे माणसे, मागे माणसे, डावीकडे-उजवीकडे माणसे. दहा-पंधरा हातांपलीकडचे दिसत नाही. अशा वेळी वाटते, आपण गर्दीच्या बरोबर मधोमध आहोत. पण हे वाटणे खोटे असू शकते. आपण एका टोकाला असलो तरी चहूकडे माणसेच दिसणार, कारण आपली नजरच तेवढी पोहोचते.

आकाशगंगेच्या बाबतीत विद्वानांची नेमकी हीच फसगत झाली. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतला वाजंत्री. लष्कराच्या बँडमध्ये तो वाद्य वाजवीत असे. पुढे इंग्लंडमध्ये जाऊन संगीत शिकवता शिकवता त्याने स्वतःच्या हाताने दुर्बिणी बनवल्या आणि १७८१ साली युरेनस ग्रह शोधला. त्याने आकाशाचे ६८३ भाग निवडले आणि प्रत्येक भागात दुर्बिणीतून किती तारे दिसतात ते मोजले. जिकडे तारे जास्त तिकडे घर लांब, जिकडे कमी तिकडे भिंत जवळ, असा त्याचा सरळ हिशेब. १७८५ साली त्याने नकाशा प्रसिद्ध केला. चपटा, कडेला फाटे फुटलेला आकार, आणि सूर्य जवळजवळ मध्यभागी.

या कामात त्याची बहीण कॅरोलाइन रात्र रात्र जागून नोंदी करीत असे. लहानपणी तापाने तिची वाढ खुंटली होती. आईला ती घरकामापुरतीच हवी होती. त्याच कॅरोलाइनने पुढे आठ धूमकेतू शोधले, आणि १७८७ पासून इंग्लंडच्या राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला.

हर्शेलची मेहनत खोटी नव्हती, पण त्याने गृहीत धरलेल्या दोन गोष्टी खोट्या होत्या. तारे सगळीकडे सारख्या अंतरावर पेरलेले आहेत ही एक, आणि आपल्या दुर्बिणीला शेवटची भिंत दिसते ही दुसरी. म्हातारपणी त्याला स्वतःलाच हे उमगले आणि त्याने ते मान्यही केले.

तीस सेंटची बाई

आकाशात एखादा तारा मंद दिसतो. तो मुळातच मंद आहे, की तेजस्वी असून दूर आहे? हे कळल्याशिवाय अंतर निघत नाही. जवळच्या ताऱ्यांसाठी एक युक्ती आहे. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. अंगठा जवळ आणा, जास्त सरकतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांत सुमारे तीस कोटी किलोमीटर पलीकडे जाते. हे आपले दोन डोळे. जवळचा तारा या सहा महिन्यांत दूरच्या ताऱ्यांच्या पुढे किंचित सरकतो, त्यावरून अंतर निघते. बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचे अंतर असे मोजून दाखवले. पण दूरच्या ताऱ्यांचे सरकणे इतके सूक्ष्म, की त्या काळी ते मोजता येणे अशक्य.

इथे मदतीला आली एक बाई. हेन्रिएटा स्वान लेविट. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या पट्ट्यांवर टिपलेले ताऱ्यांचे फोटो तपासण्याचे काम काही स्त्रिया करीत. त्यांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या कारकून. दुर्बीण चालवण्याचे काम त्यांना मिळत नसे. लेविटबाईंची मजुरी तासाला ३० सेंट होती, आणि त्यांना ऐकू येणेही कमी झाले होते.

काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. अशा २५ ताऱ्यांचा अभ्यास करून त्यांनी १९१२ साली दाखवून दिले, की ज्या ताऱ्याला उजळून मंदावायला जास्त दिवस लागतात, तो मुळातच जास्त तेजस्वी असतो. हे तारे एकाच दूरच्या तारकामेघातले असल्यामुळे त्यांची अंतरे जवळपास सारखी होती. समोरच्या डोंगरावरच्या वस्तीत जो दिवा जास्त उजळ दिसतो तो खरोखरच मोठा असतो, तसे हे.

याचा अर्थ काय? बल्बवर ४० वॅट, १०० वॅट असे छापलेले असते ना, तसे या ताऱ्यांवर छापलेले वॅट वाचायची रीत सापडली. खरे तेज कळले, दिसणारे तेज समोर आहे, मग अंतर काढणे हा त्रैराशिकासारखा हिशेब झाला. या ताऱ्यांना सेफिड म्हणतात. लेविटबाई १९२१ साली वारल्या. १९२५ साली स्वीडनच्या एका गणितज्ञाने त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवण्याच्या हेतूने पत्र लिहिले. त्या हयात नाहीत, हे त्याला ठाऊक नव्हते.

उंच काठीवरचे झेंडे

पुन्हा ६ डिसेंबरच्या गर्दीत येऊ. डोक्यांच्या गर्दीतून काही दिसत नाही. पण मान वर केली तर उंच काठ्यांवरचे निळे झेंडे आणि पंचशील ध्वज डोक्यांच्या वर फडकताना दिसतात. ते चहूकडे सारखे विखुरलेले नसून एकाच दिशेला दाटलेले दिसले, तर शहाणा माणूस काय म्हणेल? गर्दीचा मध्य तिकडे आहे, आणि मी कडेला आहे.

हार्लो शॅप्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने हेच केले. आकाशगंगेच्या सपाट थराच्या वर आणि खाली लाखो ताऱ्यांचे गोल पुंजके आहेत. ते त्या उंच झेंड्यांसारखे. लेविटबाईंची रीत पुढे नेऊन त्याने त्यांची अंतरे काढली. १९१८ साली त्याने दाखवले, की हे पुंजके सूर्याभोवती सारखे पसरलेले नाहीत. धनु राशीच्या दिशेला ते दाटले आहेत. म्हणजे केंद्र तिकडे आहे आणि सूर्य त्यापासून फार दूर आहे.

पूर्वी कोपर्निकसने पृथ्वीला मधल्या पाटावरून उठवले होते. आता सूर्यालाही उठावे लागले.

पण सगळ्यांना हे पटले नाही. १९२२ साली हॉलंडच्या कॅप्टाइनने आयुष्यभराच्या तारेमोजणीतून नकाशा मांडला, त्यात सूर्य पुन्हा मध्याजवळच होता. दोन्ही माणसे प्रामाणिक, दोघांचे आकडे तपासलेले, पण ताळा जुळेना. कचेरीत ज्यांनी वर्षअखेरीचे हिशेब केले आहेत त्यांना ठाऊक आहे, की दोन वह्यांचा ताळा जुळत नसेल तर एखादी रक्कम कुठेच मांडलेली नाही असे समजावे.

ती राहिलेली रक्कम रॉबर्ट ट्रम्पलर याने १९३० साली शोधली. ताऱ्यांच्या झुबक्यांची अंतरे त्याने दोन रीतींनी काढली, एकदा तेजावरून आणि एकदा आकारावरून. तेजावरून निघणारे अंतर दरवेळी जास्त येई. कारण मधे धूळ आहे! ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसून तिथे अतिसूक्ष्म धूळ पसरली आहे, आणि ती प्रकाश अडवते. पट्ट्यातले काळे डाग म्हणजे हीच धूळ. हर्शेल आणि कॅप्टाइन यांच्या डोळ्यांत अक्षरशः धूळफेक झाली होती. शॅप्लीचाही अंतराचा आकडा आजच्या दुपटीहून मोठा आला होता, त्यात धुळीचा वाटा होता. पण केंद्राची दिशा त्याने बरोबर सांगितली होती.

भिंतीपलीकडचा आवाज

धुळीतून प्रकाश येत नाही. पण दार बंद केले तरी शेजारच्या खोलीतला रेडिओ ऐकू येतोच. १९४४ साली हॉलंड जर्मन फौजांच्या ताब्यात असताना व्हॅन द हुल्स्ट या तरुणाने गणित मांडून सांगितले, की अवकाशातला हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडत असला पाहिजे. १९५१ साली हार्वर्डमध्ये त्या लहरी प्रत्यक्ष पकडल्या गेल्या. पाठोपाठ हॉलंड आणि ऑस्ट्रेलियातही. डच शास्त्रज्ञांनी त्यासाठी वापरली ती जर्मन सैन्याने मागे टाकलेली रडारची थाळी. युद्धाचे हत्यार ज्ञानाच्या कामी आले.

गाडी फलाटाकडे येताना शिट्टी चढी ऐकू येते, जाताना उतरलेली. तसाच फरक या लहरींत पडतो. त्यावरून कोणत्या दिशेचा वायू आपल्याकडे येतो, कोणता दूर जातो हे कळते, आणि वायूचे वळणदार फाटे कागदावर उमटतात. हॉलंडने उत्तरेचे आकाश मोजले, ऑस्ट्रेलियाने दक्षिणेचे, आणि १९५८ साली दोन्ही जोडून आकाशगंगेचा नकाशा प्रसिद्ध झाला.

या रेडिओविद्येचे एक मोठे ठाणे आपल्या महाराष्ट्रात आहे. जुन्नर म्हटले की आपल्याला बौद्ध लेणी आठवतात. त्याच जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या पुढाकाराने तीस प्रचंड थाळ्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. एकेक थाळी ४५ मीटर व्यासाची. हायड्रोजनच्या या लहरी तिलाही ऐकू येतात.

आणि शेवटी पुन्हा अंगठ्याची युक्ती. युरोपने १९ डिसेंबर २०१३ रोजी ‘गाया’ हा उपग्रह सोडला. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून त्याने जानेवारी २०२५ पर्यंत ताऱ्यांचे ते सूक्ष्म सरकणे मोजले. तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत ते मोजमाप इतके बारीक, की हजार किलोमीटरवरच्या केसाची जाडी मोजावी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या यादीत सुमारे १८० कोटी तारे आहेत. तरीही आकाशगंगेच्या एकूण ताऱ्यांपैकी हे शेकडा एकाच्या आसपासच.

या सगळ्यांतून आज जे चित्र तयार झाले ते असे : आकाशगंगा ही चपटी तबकडी आहे. मधोमध ताऱ्यांचा लांबट दांडा आहे. त्याच्याभोवती वळत गेलेले फाटे आहेत. अगदी केंद्रात सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. ते सिद्ध करणाऱ्या गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तबकडी सपाटही नाही. भाजलेल्या पापडासारख्या तिच्या कडा एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली वळल्या आहेत. हे २०१९ साली पोलंडच्या शास्त्रज्ञांनी दोन हजारांहून अधिक सेफिड ताऱ्यांची अंतरे मोजून दाखवले. म्हणजे तीस सेंटवर राबलेल्या त्या बाईची रीत शंभर वर्षांनंतरही कामाला येते आहे. आपला सूर्य केंद्रापासून सुमारे २६-२७ हजार प्रकाशवर्षांवर, एका लहान फाट्यावर आहे. एक फेरी पुरी करायला त्याला साधारण बावीस-तेवीस कोटी वर्षे लागतात.

मूळ नक्षत्राची मुलगी

आता लेकीबाळींचा विषय. अंगणातून पाहिले की मृगाचे तारे आणि व्याध शेजारी दिसतात. पण व्याध आहे साडेआठ प्रकाशवर्षांवर, आणि मृगातला तेजस्वी रायजेल सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर. म्हणजे शंभरपट दूर! राशी काय, नक्षत्रे काय, ती आपल्या जागेवरून दिसणारी रांगोळी आहे. जागा बदलली की रांगोळी मोडते. त्या ताऱ्यांचा एकमेकांशी संसार नाही, मग आपल्या संसाराशी कुठून असणार?

तरी आपल्या समाजात काय चालते? घरात बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर, दारावर पंचशील, लग्न बौद्ध पद्धतीने; पण स्थळ आले की हळूच कुणाकडून तरी पत्रिका पाहून घ्यायची. आमच्या विभागात काही वर्षांपूर्वी एका शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीची ठरत आलेली बोलणी फिसकटली. कारण विचारले तर कुजबुजत उत्तर आले : मूळ नक्षत्राची आहे, सासऱ्याला वाईट. मुलाकडचेही आपलेच होते. ती मुलगी कुणाला काही बोलली नाही. वर्षभर ती विहारातही आली नाही.

बंधू-भगिनींनो, मूळ नक्षत्र म्हणजे वृश्चिकाच्या नांगीचा भाग. आकाशगंगेच्या केंद्राकडे जाणारी दिशा त्याच्या अगदी शेजारून जाते. जिथे पट्टा सर्वांत रुंद, सर्वांत उजळ दिसतो, ज्या दिशेचा शोध घेण्यात शास्त्रज्ञांच्या पिढ्या खर्ची पडल्या, तीच ही दिशा. तिच्या नावाने किती मुलींच्या कपाळी ठपका मारला गेला असेल! तिथून निघालेला प्रकाश २६-२७ हजार वर्षे चालून इथे येतो. त्याला कुणाचा सासरा ठाऊक नाही.

तथागतांनी काय सांगितले

कुणी म्हणेल, जग अनंत आहे की सान्त, या प्रश्नावर तथागतांनी मौन पाळले. मालुंक्यपुत्ताला बाणाचा दाखला देऊन परत पाठवले. मग आपण आकाशगंगा कशाला मोजायची? हा आक्षेप मोलाचा आहे, पण पुरा नाही. ज्यांचे उत्तर तपासता येत नाही आणि ज्याने दुःख कमी होत नाही, असा नुसता तर्काचा खेळ तथागतांनी बाजूला ठेवला. उलट केसपुत्तच्या कालामांना त्यांनी बजावले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका. धम्मवंदनेत आपण रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि पाहा. हर्शेलने पाहिले, चुकला, चूक मान्य केली. दोन वह्यांचा ताळा जुळला नाही तेव्हा कुणी देवाचा कोप म्हटले नाही, धूळ शोधून काढली. आणि मूळ नक्षत्राच्या भीतीने दुःख वाढतेच. ती भीती घालवणारे ज्ञान धम्माच्या बाहेरचे कसे म्हणावे?

हे ज्ञान आपले नाही, असेही कुणी समजू नये. मेघनाद साहा हे पूर्व बंगालच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचे पुत्र. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे त्यांना अपमान सोसावा लागला. त्याच साहांनी १९२० साली मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान वाचण्याचा पाया घातला गेला. जगभर ते शिकवले जाते. आणि रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. १७ जानेवारी २०१६ रोजी तो हैदराबादमध्ये आपल्यातून गेला. त्याची राहिलेली पुस्तके आता आपल्या मुलांनी लिहायची आहेत.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. रविवारच्या धम्मवर्गात अंगठ्याचा प्रयोग प्रत्येक मुलाकडून करून घ्यावा. मे महिन्यात गावी किंवा दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी अंधारल्यावर तो पट्टा मुलांना दाखवावा. विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते. विहाराच्या वतीने सहल काढावी आणि येताना जुन्नरची लेणी दाखवावीत. गायाच्या १८० कोटी ताऱ्यांची यादी कुणालाही फुकट पाहता येते. तिथे कुणी जात विचारत नाही. ज्या समाजाला अक्षर शिकायची बंदी होती, त्याच्या मुलीने ती यादी उघडून बसावे.

आणि यापुढे स्थळ पाहताना मुलीचे शिक्षण विचारावे, स्वभाव विचारावा. नक्षत्र विचारू नये. कुणी विचारलेच, तर त्याला अंगणात नेऊन दक्षिणेकडचा तो उजेड दाखवावा.

जय भीम! नमो बुद्धाय!